एकोणीस मिलिमीटरचा पेच

'गोल्डफिंगर' हा जेम्स बाँडचा चित्रपट १९६४ साली आला. सुरुवातीलाच शॉन कॉनरी पाण्यातून वर येतो, स्फोटकं लावतो, पाणबुड्याचा ओला पोशाख उतरवतो आणि आतून निघतं पांढरंशुभ्र डिनर जॅकेट. मग एका बारमध्ये शिरून तो लायटर पेटवतो आणि त्या उजेडात घड्याळ बघतो. ते घड्याळ म्हणजे रोलेक्स सबमरिनर, मॉडेल ६५३८. घड्याळांचे शौकीन हे दृश्य थांबवून थांबवून पाहतात, पण त्यांची नजर डायलपेक्षा पट्ट्यावर जास्त खिळते. कारण पट्टा सरळसरळ तोकडा आहे. घड्याळाला २० मिलिमीटर रुंदीचा पट्टा हवा, आणि हा आहे साधारण १६ चा. दोन्ही बाजूंना पिन उघडी पडलेली दिसते. सूट अंगाबरहुकूम शिवलेला, पट्टा मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाचा!

तरीही बाँडचं घड्याळ पडलं नाही. त्याचा पट्टा कापडी होता आणि दोन्ही पिनांखालून आरपार ओवलेला होता. अशा पट्ट्याला रुंदीतली चूक चालते. तेवढीच चूक चामड्याच्या दोन तुकड्यांच्या पट्ट्यात झाली तर तो हलत राहतो, रबराच्या पट्ट्यात झाली तर फट डोळ्यांत खुपते, आणि स्टीलच्या चेनमध्ये झाली तर चेन खुळखुळते. म्हणजे माप चुकलं की नाही, एवढंच विचारून भागत नाही. किती चुकलं, कुठल्या बाजूला चुकलं आणि पट्टा कशाचा आहे, हेही विचारावं लागतं.

माप नेमकं कशाचं?

घड्याळाच्या बॉडीला वर दोन आणि खाली दोन अशी चार टोकं पुढे आलेली असतात. त्यांना लग म्हणतात. शेजारशेजारच्या दोन लगांच्या आतल्या भिंतींमधलं मोकळं अंतर हेच पट्ट्याचं माप. या अंतरात एक बारीक पिन आडवी बसते. पिनेच्या पोटात स्प्रिंग असते. टोकं दाबली की आत जातात, सोडली की बाहेर येऊन लगांच्या भोकांत अडकतात. पट्टा या पिनेवर ओवलेला असतो.

पुरुषांच्या घड्याळांत १८, २० आणि २२ मिलिमीटर या तीन मापांचं राज्य आहे. एचएमटीच्या जुन्या 'जनता'ला १८ चा पट्टा लागतो, सिकोच्या एसकेएक्स००७ या पाणबुडी घड्याळाला २२ चा. दुकानदारही याच मापांचा माल भरतो, कारण तोच खपतो. पंचाईत होते ती १७, १९ किंवा २१ चं घड्याळ घेऊन गेलेल्या माणसाची.

"काका, एकोणीसचा पट्टा आहे का?"

"एकोणीसमध्ये येत नाही. अठराचा घेऊन जा, बसेल. नाहीतर वीसचा देतो दाबून बसवून."

ही दोन्ही उत्तरं कधी बरोबर असतात, तर कधी घड्याळ जमिनीवर आपटायला कारण होतात. कधी कोणतं, ते पुढे पाहू. आधी हे आडमुठे आकडे येतात कुठून, ते बघू.

विषम आकड्यांची वंशावळ

पहिलं कारण प्रमाणाचं. लगांमधलं अंतर बॉडीच्या व्यासाच्या साधारण निम्मं असलं की घड्याळ डोळ्यांना बरं वाटतं, असा एक ढोबळ हिशेब आहे. ३६ च्या बॉडीला १८, ४० च्या बॉडीला २०. मग ३८ च्या बॉडीला? तिथे १९ आपोआप येतो आणि ४२ ला २१. सगळे कारखाने हा हिशेब पाळत नाहीत. रोलेक्सची ३४ मिलिमीटरची जुनी 'एअर-किंग' किंवा 'ऑयस्टर डेट' घेतली तर निम्म्याने १७ यायला हवेत. प्रत्यक्षात तिथे १९ आहेत. लग बॉडीच्या कडेला सरकवले की लहान घड्याळही मनगटावर भरदार दिसतं.

दुसरं कारण असं की कारखाना घड्याळाची रचना स्वतःच्या चेनसकट करतो. ग्राहक उद्या बाजारातून कुठला पट्टा आणेल, याची काळजी त्याने का करावी? ओमेगाचं 'स्पीडमास्टर' हे याचं नामांकित उदाहरण. जून १९६५ मध्ये एड व्हाइट हा अंतराळवीर यानाबाहेर तरंगला, तेव्हा त्याच्याकडे असलेल्या १०५.००३ या मॉडेलच्या लगांमध्ये १९ मिलिमीटरचं अंतर होतं. नंतरच्या मॉडेलमध्ये चावीच्या बाजूला संरक्षक फुगवटा देऊन बॉडी ४२ मिलिमीटरची झाली आणि पट्टा २० चा. एकाच नावाच्या दोन घड्याळांचे पट्टे एकमेकांना चालत नाहीत, ते यामुळे. रोलेक्सने २०२० मध्ये सबमरिनर ४० वरून ४१ मिलिमीटरचं केलं आणि पट्ट्याचं माप २० वरून २१ वर नेलं. तेव्हाही ज्यांच्या कपाटात २० चे पट्टे साठले होते, त्यांना ते नव्या घड्याळाला चालेनात.

तिसरं कारण इंचांचं. हॅमिल्टन, एल्जिन, बुलोवा या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या घड्याळांचे पट्टे इंचाच्या भागांत विकले जात. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.९ मिलिमीटर, तिथे १६ चा पट्टा निमूट बसतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५. आणि अकरा षोडशांश इंच म्हणजे जवळजवळ १७.५, ना धड १७, ना धड १८.

सर्वांत जुनी अडचण पहिल्या महायुद्धाच्या काळातली. खंदकातल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढून बघायला सवड नव्हती. म्हणून लहान खिसाघड्याळासारख्या बॉडीला वर-खाली तारेच्या कड्या डाखल्या आणि त्यातून पट्टा ओवला. या तारा कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे पिन काढून पट्टा बदलायची सोयच नाही. शिवाय तार बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेली असल्याने पट्ट्याला सरळ बसायला नेमकी जागा किती, ते मधोमध मोजल्याशिवाय कळत नाही.

बायकांच्या घड्याळांची कथा वेगळी. तिथे ८, १०, १२, १४ अशी सम मापंच जास्त असतात, पण दुकानात त्या मापाचे पट्टे दोन-चार आणि तेही ठरावीक रंगांचे. आकडा नेहमीचा असूनही माल नाही, म्हणून त्यांनाही या प्रकरणातले उपाय लागू पडतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आजोबांच्या पेटीत सापडलेलं फेवर-ल्युबा, वेस्ट एंड किंवा एचएमटी बहुधा दोन-तीन कारागिरांच्या हातांखालून गेलेलं असतं. कुणी डायल नव्याने रंगवलेली असते, तर कुणी बॉडीच दुसऱ्या घड्याळाची घातलेली असते. अशा वेळी डायलवरच्या नावावरून माप शोधण्यात अर्थ नाही. हातातलं घड्याळ मोजावं.

मोजायचं कसं?

जुन्या पट्ट्याची रुंदी मोजून नवा आणणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग. चामडं घामाने फुगतं, वाळून आकसतं, लगांमध्ये चेपून अरुंद होतं. शिवाय तो पट्टा मुळात बरोबर मापाचा होता कशावरून? फूटपट्टीही कामाची नाही. लगांच्या वरून ती धरली की डोळा जरा इकडे-तिकडे झाला तरी अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आपला सगळा तंटा एका मिलिमीटरचा आहे.

हार्डवेअरच्या दुकानात साधा व्हर्नियर मिळतो, प्लॅस्टिकचाही चालतो. आधी पट्टा काढा. घड्याळ मऊ फडक्यावर पालथं ठेवा, लगांना चिकटपट्टी लावा म्हणजे हत्यार घसरलं तरी ओरखडा उठणार नाही. पिन काढायच्या हत्याराचं दुबेळकं टोक पट्टा आणि लग यांच्यामध्ये घालून पिनेचा खांदा आत ओढायचा. एक टोक सुटलं की दुसरं आपोआप येतं. पिन स्प्रिंगच्या जोराने उडते, म्हणून वर बोट धरावं. मग व्हर्नियरचे वरचे छोटे जबडे, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचे, लगांच्या आत घालून अलगद उघडा. पिनेच्या भोकांच्या रेषेत एकदा, लगांच्या टोकांशी एकदा आणि बॉडीजवळ एकदा असं मोजा. काही घड्याळांचे लग बाहेरच्या बाजूला किंचित फाकलेले असतात, टोकांशी १९.४ आणि पिनेशी १८.९ असं दिसलं तर पिनेजवळचं माप खरं. वरची आणि खालची अशा दोन्ही जोड्या तपासा. पडून वाकलेला एखादा लग इथेच पकडला जातो.

रुंदीसोबत आणखी एक अंतर बघायचं, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ते म्हणजे पिन आणि बॉडी यांच्यामधली जागा. पट्ट्याचं टोक पिनेभोवती वळून परत येतं, म्हणजे तिथे पिनेच्या भोवती चामड्याचा एक पूर्ण वेढा असतो. पिन बॉडीला चिकटून असेल तर जाड, फुगीर पट्टा रुंदीला अचूक असूनही आत जाणार नाही; गेलाच तर बॉडीवर घासून वर उचललेला राहील. उलट पिन दूर असेल तर पट्टा आणि बॉडी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी फट पडते. ती भरायला टोक वक्राकार कापलेला पट्टा किंवा बाकदार पिन मिळते.

पिन घड्याळाची, पट्ट्याची नव्हे

पट्ट्यासोबत बहुधा दोन पिना येतात आणि दुकानदार त्याच लावतो. सम मापाच्या घड्याळात त्याने काही बिघडत नाही. पण १९ च्या घड्याळाला १८ चा पट्टा लावताना त्याच्यासोबतची १८ ची पिन लावली, तर तिची टोकं भोकांत जेमतेम टेकतात. हाताला हिसका बसला, बसमध्ये दांडी धरताना पट्टा ताणला गेला, की पिन निसटते आणि घड्याळ फरशीवर. पट्टा तुटून घड्याळ पडल्याच्या तक्रारींत पट्टा शाबूत आणि पिन गायब, असंच पुष्कळदा आढळतं.

म्हणून नियम एकच: पिनेची लांबी लगांच्या अंतरावरून ठरवायची, पट्ट्याच्या रुंदीवरून नाही. १९ च्या लगांना १९ चीच पिन. ती सुटी मिळते आणि किमतीला किरकोळ असते. जाडीही तपासावी. साध्या पिना दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या असतात. सिकोच्या पाणबुडी घड्याळांत अडीच मिलिमीटरची दणकट पिन असते, आणि ती साध्या पट्ट्याच्या भोकात सहज शिरत नाही. पट्ट्याच्या मागे छोटा खटका असलेल्या पिना बोटानेच काढता येतात, पण त्या पट्ट्यात बसवलेल्या असल्याने त्यांची लांबी पट्ट्याच्या मापाचीच असते. विषम मापाच्या घड्याळाला सम मापाचा खटक्याचा पट्टा लावू नये, ते यासाठीच.

चुकायचंच तर कुठल्या बाजूला?

नेमका १७, १९ किंवा २१ चा पट्टा मिळाला तर प्रश्नच मिटला. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या हिर्शसारखे जुने पट्टेवाले विषम मापंही बनवतात आणि ते मागवता येतात. पण हवा तो रंग, हवं ते चामडं आणि परवडणारी किंमत हे सगळं एकत्र जुळेलच असं नाही. तेव्हा एका मिलिमीटरची तडजोड कुठल्या बाजूला करायची, हे पट्टा कशाचा आहे त्यावर ठरतं.

मऊ चामडं असेल तर मोठ्या बाजूला. १९ मध्ये २० चा पट्टा दोन्ही कडांनी अर्धा-अर्धा मिलिमीटर दाबला जातो आणि महिन्याभरात तिथे मुरतो. फट राहत नाही, पट्टा डावी-उजवीकडे सरकत नाही. मात्र पट्टा पातळ आणि कमी भरावाचा हवा. आत फोम किंवा जाड अस्तर भरलेला फुगीर पट्टा दाबला की मधोमध कुबड येतं. दोन मिलिमीटर दाबायचा मोह आवरावा. लगांशी कडा दुमडतात, शिवण ताणली जाते आणि पट्टा तिथूनच फाटतो. काही जण कडेचं चामडं धारदार पात्याने तासून घेतात. ज्या पट्ट्याच्या टोकाशी शिवण कडेपासून आत आहे, तिथे हे जमतं. शिवण अगदी कडेला असेल तर पातं लावताच दोरा तुटेल.

आरपार ओवायचा नायलॉन असेल तर लहान बाजूलाही चालतं. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने १९७३ साली अशा पट्ट्याचं अधिकृत प्रमाण ठरवलं. तो २० मिलिमीटर रुंद आणि करड्या रंगाचा होता. 'नेटो' म्हणून आज दुकानोदुकानी मिळणाऱ्या रंगीबेरंगी पट्ट्यांचा तोच पूर्वज. या पट्ट्याची खुबी अशी की एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. १९ मध्ये १८ चा नायलॉन लावला तर दिसायला अर्ध्या मिलिमीटरची फट दिसेल, बाकी धोका नाही. २० चाही चेपून जातो. तारेच्या कड्यांच्या जुन्या घड्याळांनाही हाच मार्ग सोपा, कारण यात पिन काढावी लागत नाही.

रबर आणि सिलिकॉन कुठल्याच बाजूला चुकवू नयेत. दाबलं की ते मुरत नाहीत, उलट लगांना बाहेर ढकलत राहतात. सैल घेतले तर फट कधीच भरत नाही. लांबीला कापून घ्यायचे रबरी पट्टे मिळतात, रुंदीला कापायचे नाहीत.

स्टीलची चेन तर सर्वांत हट्टी. चेनच्या शेवटच्या कडीला बॉडीच्या गोलाईनुसार बाक दिलेला असतो. तो त्या एका मॉडेलसाठी घडवलेला असल्याने १९ ची दुसरी चेन आणली तरी बाक जुळेल याची खात्री नाही. सरळ टोकाची चेन घेतली तर फट राहते, पण ती निदान सरळ आणि सारखी दिसते.

आकडा नव्हे, आकारच वेगळा

काही घड्याळांत माप विचारण्यालाच अर्थ नसतो. १९८३ मध्ये आलेल्या स्वॉचच्या साध्या मॉडेलचा पट्टा १७ मिलिमीटरचा असतो, आणि त्याच्या टोकाला दात पाडलेले असतात. ते बॉडीच्या खाचांत गुंततात. साधा १७ चा पट्टा तिथे लागतच नाही. कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूला, म्हणजे १९८९ पासून आजवर विकल्या जाणाऱ्या त्या काळ्या डिजिटल घड्याळाला, १८ चा पट्टा लावता येतो, पण मूळ पट्टा बॉडीचाच पुढचा भाग वाटावा असा ओतलेला असल्यामुळे बाहेरचा पट्टा उपरा दिसतो. टिसोचं पीआरएक्स घ्या. बघताना पट्टा बॉडीइतकाच रुंद वाटतो, पण पिनेवर बसते ती मधली अरुंद जीभ. तिथे लगांचं माप सांगून पट्टा मागवणाऱ्याच्या हाती भलतंच काहीतरी पडतं.

अशा घड्याळांसाठी त्या मॉडेलच्या नावानेच पट्टा शोधायचा, किंवा साधा पट्टा लावता यावा म्हणून मिळणारी जोडणी घ्यायची. जोडणीमुळे घड्याळाची लांबी वाढते. बारीक मनगटावर ती टोकं हवेत राहतात, हे घेण्याआधी बघावं. आणि हे मॉडेल बाजारातून गेल्यावर पट्टा कुठे मिळेल, हा प्रश्न घड्याळ विकत घेतानाच विचारलेला बरा.

मापाचा करून घेतलेला

सगळ्या तडजोडींना कंटाळलात तर पट्टा करून घ्या. मुंबईत धारावीत पाकिटं, कमरपट्टे, बॅगा करणारे कारागीर आहेत. बहुतेक शहरांत चामड्याचं बारीक काम करणारं कुणी ना कुणी सापडतं. घड्याळाचा पट्टा म्हणजे त्यांच्या दृष्टीने लहान काम, पण नाजूक. त्यांना नुसतं "एकोणीसचा करा" सांगून भागत नाही. कागदावर सहा गोष्टी लिहून न्या: लगांशी रुंदी, बकलशी रुंदी, बकलच्या तुकड्याची लांबी, भोकांच्या तुकड्याची लांबी, पिनेची जाडी, आणि पिन व बॉडी यांच्यामधली जागा. पट्टा बकलकडे दोन मिलिमीटरनी निमुळता झाला तर डौलदार दिसतो. १९ चा पट्टा बकलशी १७ करण्याऐवजी १६ करा, कारण १६ चं बकल सहज मिळतं, १७ चं शोधावं लागतं.

लांबी मनगटावर ठरते. तयार पट्ट्यांत बकलचा तुकडा ७५ आणि भोकांचा १२० मिलिमीटर असा साधारण ठोकताळा असतो. बारीक मनगटावर यातला लांब तुकडा फिरून पार बाजूला येतो. बकल मनगटाच्या आतल्या बाजूला मधोमध आलं की लांबी बरोबर. जुन्या पट्ट्याचं बकल कुठे येतं ते पाहून दोन्ही तुकडे कमी-जास्त करायचे.

करताना कारागीर पहिल्यांदा वरचं चामडं टोकाशी पात्याने तासतो. पिनेभोवती वळणारा भाग कागदाइतका नव्हे, पण निम्म्याहून पातळ करावा लागतो. नाहीतर वेढा जाड होतो आणि पट्टा लगांत उभा राहतो. मग पिनेच्या जाडीची सळई ठेवून चामडं तिच्यावरून वळवतो, चिकटवतो, अस्तर लावतो, शिवतो आणि कड घासून मेण चोळतो. सळई ओढून काढली की पिनेची वाट तयार. ही वाट ऐसपैस असेल तर पट्टा पिनेवर फिरत राहतो आणि आतून झिजतो. म्हणून स्वतःची पिन सोबत नेलेली उत्तम. रुंदीही लगांपेक्षा केसभर कमी, म्हणजे १८.८ वगैरे, ठेवायला सांगा. कडेवर रंग आणि मेण चढल्यावर पट्टा थोडा भरतो.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चामडं दमट राहतं, बुरशी धरतं, आणि घामाच्या मिठाने पिन गंजते. त्या चार महिन्यांसाठी त्याच घड्याळाला एक नायलॉनचा पट्टा ठेवावा आणि चामड्याचा पट्टा पुसून, वाळवून, हवेशीर जागी काढून ठेवावा. गंजलेली पिन पुसून पुन्हा लावू नये, बदलावी. ती आतून अडकली तर टोक पुरतं बाहेर येत नाही आणि वरून काही कळत नाही.

पट्टा बसवून झाला की तो बसला आहे की नुसता अडकला आहे, हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. घड्याळ गादीवर धरा. एकेक तुकडा बॉडीपासून दूर ओढा, मग डावीकडे आणि उजवीकडे रेटा. पिनेचं टोक भोकात नीट गेलं नसेल तर ते आत्ताच निसटेल, आणि निसटलं तरी खाली गादी आहे. मग पट्टा वर-खाली वाकवा. लगांवर घासल्याचा आवाज आला तर तो रुंद आहे. शेवटी घड्याळ हातावर बांधून हात झटका. बॉडी मनगटावर फिरली तर लांबीचं भोक चुकलं आहे, आणि पट्टा लगांत सरकला तर रुंदी. पहिल्या चुकीवर एक भोक आवळणं पुरतं, दुसरीसाठी पट्टाच बदलावा लागतो.